पान ३१वरची काटापट्टी

पुस्तक चार दिवसांतच परत आलं. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं सार्वजनिक वाचनालय, डिसेंबरातली दुपार, समोरच्या रस्त्यावरून जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या आणि त्यातून उडालेलं तूस खिडकीच्या जाळीला चिकटलेलं. पंचविशीतल्या एका मुलानं काउंटरवर पुस्तक ठेवलं आणि तो वळला. ग्रंथपाल मॅडमनी विचारलं, "एवढ्यात झालं वाचून?" तो दारातूनच म्हणाला, "नाही जमलं, मॅडम. हे नोकरीवाल्यायचं पुस्तक हाय." आणि गेला. पुस्तक चांगलं जाडजूड, पैशांच्या गुंतवणुकीवरचं, मुखपृष्ठावर नाण्यांच्या ढिगातून उगवलेलं रोपटं. आत पान ३१वर खूण म्हणून घातलेली, कापूस तोलून विकल्याची काटापट्टी तशीच राहून गेली होती: १४ क्विंटल ६० किलो, भाव ७,०५०, रक्कम १,०२,९३०. ती ज्या परिच्छेदावर आडवी पडली होती, त्याचा मथितार्थ एवढाच की महिन्याच्या एक तारखेला पगार खात्यात पडला की त्याच दिवशी त्यातला पाचवा हिस्सा बाजूला काढावा.

नोकरीवाल्यायचं पुस्तक. इतकं नेमकं परीक्षण एखाद्या पुरवणीतही छापून यायचं नाही. गुंतवणुकीची बहुतेक सोपी पुस्तकं धरून चालतात की वर्षाला बारा महिने असतात आणि प्रत्येक महिन्याला एक तारीख असते. इकडे वर्षाला एवढे महिने नसतात. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या आसपास, कापसाचा दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत तुकड्यातुकड्यानं, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत. वरुड-मोर्शीकडे संत्रा असेल तर आंबिया बहाराचा हिवाळ्याच्या तोंडाशी आणि मृगाचा उन्हाळा लागता लागता. मग जूनपासून पोळ्याच्या पुढेपर्यंत पैसा फक्त एकाच दिशेनं जातो, घरातून शेतात. इथे पैसा येतो तो चुकाऱ्यानं, म्हणजे विकलेल्या मालाचं देणं मिळेल तेव्हा, आणि चुकारा कधी निघेल हे तो निघेपर्यंत कुणाला माहीत नसतं. म्हणून पहिलं पुस्तक निवडताना अनुक्रमणिकाही नंतर पाहावी. आधी शोधावं की लेखकाच्या डोक्यातल्या माणसाच्या हातात पैसा कधी आणि कसा येतो. पहिल्या तीस-चाळीस पानांत ते कळतंच. लेखक चांगला असेल तर 'अनियमित उत्पन्न' असं एखादं प्रकरण देतो, आणि ते प्रकरण डॉक्टर-वकिलांच्या फीपुरतं आहे की हंगामी पैशापर्यंत पोचतं, हे दोन मिनिटांत दिसतं.

हा प्रश्न शब्दांचा असता तर सोडून देता आला असता. पण पुस्तक बरहुकूम पाळलं तर नुकसान होतं. समजा, नोव्हेंबरात खात्यात पैसा आहे म्हणून महिना १,००० रुपयांची एसआयपी, म्हणजे खात्यातून दर महिन्याला आपोआप म्युच्युअल फंडात जाणारा हप्ता, सुरू केली. नोव्हेंबर ते मार्च हप्ते सुरळीत गेले. जूनमध्ये बियाणं, खत, डवरणी. जुलैच्या पाच तारखेला खात्यात शंभर-दीडशे रुपये. फंड हप्ता चुकल्याचा दंड लावत नाही, पण बँक मँडेट, म्हणजे हप्ता कापायचा आदेश, परत गेल्याचा आकार लावते, तो कित्येक बँकांत तीन-चारशेच्या घरात जातो आणि वर जीएसटी. हजाराच्या हप्त्यावर वर्षभरात जेवढा नफा व्हायचा, त्याच्या कितीतरी पट एका दिवसात उडतो. सलग तीन हप्ते चुकले की एसआयपीही बंद पडते. माणूस म्हणतो, म्युच्युअल फंड फसवा आहे. दोष फंडाचा नसतो, वेळापत्रकाचा असतो. यापेक्षा पोस्टाची आवर्ती ठेव दयाळू: हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड, पण सलग चार चुकले की तीही खंडित. खरं तर कापसाचा पैसा आला की पीपीएफ या दीर्घ मुदतीच्या सरकारी बचत खात्यात एकदाच भरता येतो, वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख, हप्त्याची सक्ती नाही. एवढंच पाहावं की महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरणा व्हावा, कारण व्याज पाच तारीख ते महिनाअखेर यांमधल्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात. फंडातच जायचं असेल तर एकरकमी रक्कम थोड्या दिवसांसाठी पैसा ठेवायच्या लिक्विड फंडात टाकून तिथून महिन्याला थोडी थोडी शेअरमध्ये गुंतवणाऱ्या इक्विटी फंडात वळवता येते, त्याला एसटीपी म्हणतात, आणि त्यात बँक खात्याचा संबंधच येत नाही. ज्या पुस्तकात एसआयपीला चाळीस पानं आहेत आणि एसटीपीला एकही ओळ नाही, ते इकडच्या माणसासाठी लिहिलेलं नाही.

काटापट्टी कुणाची ते पाहायला मॅडमनी ती उलटली, तर मागे बॉलपेननं वजाबाकी होती. अक्षर घाईचं, आकडे मात्र एकाखाली एक नीट. १,०२,९३० मधून वेचणी, किलोला ८ रुपयांप्रमाणे ११,६८०. सोसायटी ५०,०००. कृषी केंद्राची उधारी २०,०००. मग पुढच्या पेरणीचं बाजूला काढलेलं १६,०००. आणि दोन रेघांच्या खाली उरलेला आकडा.

५,२५०.

पेरणीचे सोळा हजार उगाच लिहिलेले नव्हते. पाच एकराला बीटी कपाशीची दहा पाकिटं, २०२५च्या खरिपात पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती, म्हणजे ९,०१०. डीएपी खताच्या पाच पिशव्या १,३५०च्या भावानं ६,७५०. बेरीज १५,७६०. पुस्तकानं आता या दोन रकमांशी वेगवेगळं बोलायला हवं. सोळा हजार पाच महिन्यांनी लागणार आहेत, ते बाजाराच्या जवळपासही जाता कामा नयेत. त्यांची मुदत ठेव करावी का? बचत खात्यात अडीच टक्क्यांनी पाच महिन्यांचे सुमारे १६५ रुपये मिळतात, साडेपाच टक्क्यांच्या ठेवीत सुमारे ३६५. फरक दोनशेचा. त्यासाठी बँकेत दोन चकरा मारायच्या असतील तर एसटीच्या भाड्यात आणि बुडालेल्या रोजात तो जातो. कुठे डोकं लावू नये हेही सांगणारं पुस्तक विरळा, पण मिळालं तर ते पहिलं घ्यावं. गुंतवणुकीचा विषय उरतो तो शेवटच्या ५,२५० रुपयांचा. ज्या पुस्तकातलं सर्वांत लहान उदाहरण 'दरमहा १०,०००' आहे, ते चार दिवसांत परत येणार हे उघड आहे.

सगळ्या पुस्तकांत एक प्रकरण ठरलेलं असतं: अडीअडचणीचा निधी, सहा महिन्यांच्या खर्चाइतका, नोकरी गेली तर हाताशी असावा म्हणून. हे वाचून शेतकरी पान उलटतो, त्याला कोण कामावरून काढणार! पण याच प्रकरणात त्याच्यासाठी सर्वांत मोठा परतावा लपलेला असतो. पट्टीवरचा भाव ७,०५०. पट्टी २०२४-२५च्या हंगामातली, आणि त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ होता. फरक क्विंटलला ४७१, म्हणजे पावणेसात टक्के, तोही वर्षाचा नाही, फार तर महिना-दीड महिना थांबण्याचा. १४ क्विंटल ६० किलोवर ६,८७७ रुपये होतात, उरलेल्या शिलकीपेक्षा जास्त. अर्थात हमीभावानं खरेदी करणारी सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस निगम, प्रत पाहते, ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापते आणि बारावर गेला की माल घेतच नाही. नोंदणी, रांग, खात्यात पैसे यायला लागणारे दिवस, हे सगळं आहेच. पण ओला कापूस चार दिवस वाळवायला आणि रांगेत नंबर लागायला जो दम लागतो, तो घरात पडलेल्या पंधरा-वीस हजारांतून येतो. निधी नसला की पहिल्या वेचणीचा कापूस गाडी दारात आणणाऱ्या व्यापाऱ्याला जातो. बिनजोखमीचे पावणेसात टक्के महिन्याभरात देईल असा कुठला फंड आहे? हे गणित एकाही पुस्तकात छापलेलं दिसत नाही, म्हणून त्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवावं.

कर्जाचंही तसंच. मोठ्या शहरासाठी लिहिलेलं पुस्तक क्रेडिट कार्डाच्या व्याजावर दहा पानं खर्ची घालतं. इथलं कर्ज दोन टोकांचं असतं. एका टोकाला सोसायटीचं पीक कर्ज, जे मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंत डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे बिनव्याजी पडतं. दुसऱ्या टोकाला सावकाराचे शेकडा तीन रुपये. ऐकायला तीन, पण ते महिन्याचे, वर्षाचे ३६. हे दुसरं डोक्यावर असेल तर पुस्तक मिटून आधी ते फेडावं, कारण ३६ टक्के देणारी गुंतवणूक अस्तित्वात नाही. तेव्हा अनुक्रमणिकेत 'कर्ज' शब्द पहिल्या एक-तृतीयांश भागात यायला हवा. शेवटी आला तर लेखकाचा माणूस आधीच सुखवस्तू आहे.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत या विषयाचे दोन कप्पे आहेत. डांबरगोळ्यांचा वास, काही पुस्तकांना कसर लागून कडा जाळीदार झालेल्या. त्यातलं एक नव्वदच्या दशकातलं, कुणा गुरुजींनी लाल पेन्सिलीनं रेघा मारलेलं. पीपीएफ १२ टक्के, याच्याखाली दोन रेघा. युनिट ट्रस्टची युनिट ६४ योजना अगदी सुरक्षित, याच्याखाली तीन. २००१च्या जुलैत युनिट ६४ची परतखरेदी थांबली तेव्हा त्या तीन रेघांचं काय झालं असेल, असं मनात येतं. पीपीएफचा दर २०२० पासून ७.१ वर आहे. त्या पुस्तकात चूक काहीच नाही, छापलं तेव्हा सगळं बरोबरच होतं. पण कप्प्यातून ते आजही दिलं जातं, आणि नेणाऱ्याला १२ टक्क्यांचा अंदाज घरी घेऊन जाता येतो.

म्हणून नवं-जुनं कव्हरच्या चकाकीवरून ठरवू नये. मुद्रणपृष्ठ उघडावं. 'पुनर्मुद्रण' आणि 'सुधारित आवृत्ती' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पुनर्मुद्रण म्हणजे जुन्याच फिल्मवरून नवा कागद. 'चौदावं पुनर्मुद्रण २०२५' असं ठळक छापलेलं असलं तरी आतला मजकूर २०१२चा असू शकतो. शंका असेल तर करांचं पान काढावं. शेअरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर नाही असं लिहिलं असेल तर मजकूर एप्रिल २०१८च्या आधीचा. १० टक्के आणि एक लाखाची सूट असेल तर जुलै २०२४च्या आधीचा. आता साडेबारा टक्के आणि सव्वा लाखाची सूट आहे. 'एन्ट्री लोड', म्हणजे फंडात शिरतानाच कापला जाणारा आकार, भेटला तर ते २००९च्या ऑगस्टआधीचं. म्युच्युअल फंडाच्या डायरेक्ट प्लॅनचा, म्हणजे मधल्या वितरकाला कमिशन न देता घेता येणाऱ्या प्लॅनचा, उल्लेखच नसेल तर २०१३च्या आधीचं, किंवा लेखकाला त्याबद्दल बोलायचं नाही, आणि हे दुसरं कारण जास्त वाईट. बँकेतल्या ठेवीला एक लाखाचं विमासंरक्षण लिहिलं असेल तर ते फेब्रुवारी २०२० आधीचं, आता पाच लाख आहे. याच पानावर आणखी एक वाक्य शोधावं: पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नसतं. तालुक्याच्या गावात बँकेपेक्षा पतसंस्थांच्या पाट्या जास्त, पाट्यांवर व्याजदर दोन टक्क्यांनी जास्त, आणि हे वाक्य लिहिलेली पुस्तकं मात्र मोजकी.

करबचतीची प्रकरणं तर शेतकऱ्यानं सरळ ओलांडावीत. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, मग ८०सीच्या कौतुकाची साठ पानं कशाला विकत घ्यायची? घरात कुणी शिक्षक किंवा तलाठी असेल तर गोष्ट वेगळी.

मग तक्ते. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात तो एक तक्ता असतो: महिना १,००० रुपये, वीस वर्षं, १२ टक्के, हातात सुमारे १० लाख. गणित बरोबर आहे, भरलेले २ लाख ४० हजार. पण त्याच पानावर महागाईची ओळ आहे का? सहा टक्के महागाई धरली तर वीस वर्षांनंतरचे १० लाख म्हणजे आजचे ३ लाख १२ हजार. ज्याच्या घरात आजोबांनी कापूस किती रुपये क्विंटलनं विकला आणि सोनं किती तोळे घेतलं याच्या गोष्टी सांगितल्या जातात, त्याला हे समजावून द्यायला दोन ओळी पुरतात. त्या दोन ओळी गाळणारा लेखक विसरलेला नसतो. फंडाच्या खर्चाचंही तसंच: एक लाख वीस वर्षं १२ टक्क्यांनी ९ लाख ६५ हजार होतात आणि ११ टक्क्यांनी ८ लाख ६ हजार. एका टक्क्याच्या खर्चात दीड लाखावर गेले. हे उदाहरण ज्यात असेल ते पुस्तक काउंटरवर आणावं.

नुकसानीचं पान शोधायला मात्र विसरू नये. जानेवारी २००८मध्ये सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला होता, मार्च २००९मध्ये ८,१६० वर. लाखाचे एकोणचाळीस हजार, चौदा महिन्यांत. हे आकडे आणि त्यानंतर परत वर यायला लागलेला काळ, दोन्ही ज्यात नाहीत ते पुस्तक नुसतं जाहिरातपत्रक. शहरी वाचक या पानाला घाबरेल म्हणून प्रकाशक ते टाळतात म्हणे. इकडे उलट आहे. २०१७ला गुलाबी बोंडअळीनं उभं पीक खाल्लेलं ज्यानं पाहिलंय, त्याला लाखाचे एकोणचाळीस हजार होणं कळतं; फक्त वर जाणारी रेघ दाखवली की त्यालाच संशय येतो.

भाषांतरित पुस्तकांबद्दल थोडं. बेंजामिन ग्रॅहमचं 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' सगळेच सुचवतात, वॉरन बफे त्यातली आठवं आणि विसावं ही दोन प्रकरणं आवर्जून वाचायला सांगतात. ती दोन वाचावीतच, बाजाराच्या लहरीपणावरचं आणि सुरक्षित अंतरावरचं. पण पुस्तक १९४९चं, लेखकानं स्वतः शेवटची उजळणी केली १९७३ साली, उदाहरणं अमेरिकी रेल्वे कंपन्यांची आणि रोख्यांची. पहिलं पुस्तक म्हणून दिलं तर माणूस तिसऱ्या प्रकरणात झोपतो आणि स्वतःलाच मठ्ठ समजतो. त्याशिवाय मराठी शब्दांचा घोळ वेगळा. 'परस्पर निधी', 'प्रतिभूती', 'रोखता' वाचून पाठ केलेला माणूस बँकेच्या खिडकीशी जातो, तिथल्या फॉर्मवर लिहिलेलं असतं म्युच्युअल फंड, सिक्युरिटीज, लिक्विडिटी. चांगलं मराठी पुस्तक शब्द पहिल्यांदा आला की दोन्ही नावं देतं आणि पुढे बोलण्यातला शब्द वापरतं. नागपुरात सीताबर्डीच्या फूटपाथवर शंभर रुपयांत मिळणाऱ्या नकली प्रती नकोतच; या विषयात जीव तक्त्यात असतो आणि फोटोकॉपीत नेमका तक्ताच पुसट होतो, ३चा ८ होतो.

'दामदुप्पट' हा शब्द मुखपृष्ठावर दिसला तर मात्र पुस्तक हातातच घेऊ नये. मजा अशी की मूळ हिंदू कायद्यात दामदुपट हा कर्जदाराला वाचवणारा नियम होता: सावकारानं एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागू नये. मालक बदलला आणि शब्द आमिष झाला. सागाच्या लागवडीचे शेअर, इमू, शेळ्या, मग मोबाइलवरच्या योजना, प्रत्येक लाटेबरोबर माहितीपुस्तिका आल्याच, गुळगुळीत कागदावर. त्यांचा आजचा अवतार म्हणजे ऑप्शन ट्रेडिंग, म्हणजे भाव चढेल की पडेल यावरचे मुदतीचे सौदे, शिकवणारी पुस्तकं, शेवटच्या पानावर क्लासचा क्यूआर कोड. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तीन वर्षांत तोट्यात निघाले. लेखकाच्या परिचयात 'सेबी नोंदणीकृत' असं लिहिलं असेल तर क्रमांक पाहावा: सल्लागाराचा 'आयएनए'नं सुरू होतो, रिसर्च अ‍ॅनालिस्टचा 'आयएनएच'नं. 'एआरएन' असेल तर तो फंड विकणारा वितरक. त्यात गैर काही नाही, पण मग डायरेक्ट प्लॅनवर तो किती ओळी लिहितो ते मोजावं. सल्लागाराचा किंवा अ‍ॅनालिस्टचा क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासायला दोन मिनिटं लागतात.

पैसे खर्चायचेच नसतील तर सेबीची आर्थिक शिक्षण पुस्तिका मराठीत फुकट मिळते. रुक्ष आहे, पण त्यात कुणी काही विकत नाही. त्यानंतर दीड-दोनशे पानांचं एखादं, ज्यात कर्ज, विमा, पोस्ट आणि (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकाची नक्कल करणारे) इंडेक्स फंड याच क्रमानं येतात. वर्षाला ४३६ आणि २० रुपयांच्या दोन सरकारी विमा योजना लेखकाला माहीत आहेत की नाहीत, हेही पाहून घ्यावं. सुट्या शेअरचं पुस्तक दोन हंगाम गेल्यावर. आणि ३५० रुपयांचं पुस्तक ५,२५० रुपयांच्या शिलकीतून घ्यायचं तर ते पावणेसात टक्के होतात, म्हणून आधी वाचनालय.

आठवड्यानं तो मुलगा पट्टी शोधत आला, सोसायटीत दाखवायची होती. मॅडमनी रजिस्टरमध्ये जपून ठेवलेली काढून दिली आणि सोबत एक पातळ पुस्तक पुढे सरकवलं. त्यानं मुखपृष्ठ पाहिलंच नाही. मागून उघडलं, करांचं पान ओलांडलं, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं. "याच्यात शेकड्याच्या व्याजाचं हाय का?" मॅडमनी चष्मा लावला आणि दोघं मिळून 'कर्ज' शोधायला लागले.